साडभाऊंची जीभ

चहावर इतका जीव असलेला आणि त्याच चहाला इतका भिणारा माणूस आमच्या साडभाऊंखेरीज अख्ख्या वऱ्हाडात दुसरा निघायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते थोरले जावई, मी धाकटा. त्यामुळे सासरच्या प्रत्येक लग्नाला, बारशाला आणि तेरवीला आम्हां दोघांना एकाच सतरंजीवर शेजारीशेजारी बसवतात आणि एकाच ट्रेमधून चहा देतात. माझं लग्न झाल्यापासून हे चालू आहे. माणसाची मान खाली जाईल अशा गोष्टी जगात पुष्कळ आहेत. पाहुण्यांच्या दारात बूट काढावेत आणि मोज्यातून अंगठा बाहेर यावा, पंगतीत भलत्याच वेळी ढेकर निघावी, हे सगळं मी भोगलेलं आहे. पण भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, आपल्या शेजारच्या माणसाची चहाच्या कपाशी चाललेली झटापट पाहत बसणं, या लाजेला तोड नाही.

चहा समोर आला की साडभाऊ आधी त्याला हात लावत नाहीत, नुसते पाहतात. वाफ सरळ वर चालली आहे की वाकडी होते आहे, हे त्यांना बघायचं असतं. "सरळ वाफ म्हंजे अजून अंगात हाय त्याच्या," असं ते मला एकदा समजावून म्हणाले होते. "वाकडी झाली का समजा उतरला." मग हाताची मागची बाजू कपाला लावून पाहतात, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. मग यजमानीणबाईंकडे वळून अगदी अदबीने विचारतात, "वहिनी, एक रिकामा गिलास भेटन काय?" पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला वाटतं, यांना गोळी घ्यायची असेल. ग्लास येतो, आणि मग साडभाऊ एक हात डोक्याच्या वर नेऊन तिथून खालच्या ग्लासात चहाची धार सोडतात. वरचा खाली, खालचा वर, पुन्हा वरचा खाली. माझ्या कपाटात काही शर्ट असे आहेत की ज्यांच्या उजव्या खांद्यावर तांबूस ठिपके आहेत. आमच्या घरी त्यांना साडभाऊंचे शर्टच म्हणतात, आणि सासरी जाताना बायको मला त्यांतलाच एक काढून देते. धारेचा कार्यक्रम आटोपला की मनगटावर एक थेंब, मग वरच्या ओठाला नुसता स्पर्श, आणि मग तो घोट. त्या घोटाचा आवाज गोठ्यातल्या बैलाला ऐकू गेला तर तो मान वर करून पाहील. एव्हाना बाकीच्यांचे कप रिकामे होऊन ट्रेमध्ये परत गेलेले असतात, आणि घरातलं कुणीतरी तो ट्रे धरून साडभाऊंच्या डोक्याशी ताटकळत उभं असतं.

एकदा इंझोरीला, बायकोच्या चुलत्यांकडे, आम्ही दुःखाला बसायला गेलो होतो. चुलते गेले त्याला तीनचार दिवस झाले असतील. ओसरीवर सगळे माना खाली घालून बसलेले, आतून चुलतसासूबाईंच्या मुसमुसण्याचा आवाज. अशा घरी चहा देतात तो नुसता रिवाज म्हणून, आणि घेणाराही दोन घोटांत संपवून कप खाली ठेवतो. साडभाऊंनी रिकामा ग्लास मागितला. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "साडभाऊ, दुःख आपल्या जागी, जीब आपल्या जागी." आणि त्या शांततेत ती धार सुरू झाली. नळाखाली घागर लावावी तसा आवाज. सगळ्यांच्या माना हळूहळू वर आल्या. दारात उभ्या असलेल्या चुलतसासूबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, आणि आम्हांला वाटलं त्यांना पुन्हा रडू कोसळलं. पण नाही. बिचारीला हसू फुटलं होतं. हसता हसता त्या पुन्हा रडल्या आणि रडता रडता पुन्हा हसल्या. मी मात्र ओसरीच्या फरशीकडे पाहत, ती दुभंगली तर बरं होईल असा विचार करत होतो.

चहाच्या बाबतीत साडभाऊंचा अभ्यास दांडगा आहे. स्टीलचा ग्लास हा शत्रू खरा, पण सरळ शत्रू. तो हातालाच आधी सांगतो. चिनी मातीचा कप त्याहून वाईट, कारण बाहेरून तो गरीब दिसतो. सगळ्यांत दगाबाज तो हल्ली निघालेला कागदी कप. आणि साय धरलेला चहा तर त्यांच्या मते पिण्याचा नव्हेच. वरून थंडगार, आणि साय फाटली की खाली जाळ. दूध, कढी, पंगतीत वाढलेलं पातळ वरण, सगळ्यांशी त्यांचं वागणं याच सावधपणाचं. महामारीच्या दिवसांत घरोघर काढे उकळायला लागले तेव्हा साडभाऊ रोगापेक्षा काढ्यालाच जास्त भ्यायले होते. फोन केला की तब्येतीचं सांगायच्या आधी म्हणायचे, "काढा थंडा होऊन राह्यला, मंग बोलतो."

या सगळ्याचं कारण विचारलं की ते आपल्या आवाजाकडे बोट दाखवत. मानोऱ्याच्या पुढे त्यांची थोडी शेती आहे, पण पंचक्रोशीत नाव आहे ते आवाजाचं. लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात. तालुक्याच्या बाजारात सोयाबीनच्या, तुरीच्या ढिगाशी उभं राहून साडभाऊ हर्रास पुकारतात. खांद्यावर दुपट्टा, हात हवेत, आणि तोंडाने बोलीमागून बोली, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पलीकडच्या शेडमधले हमाल पोतं खाली ठेवून ऐकतात. "माही सारी कमाई जिभेवर हाय," ते म्हणायचे. "थे पोयली तं हर्राशीत काय करू? नुसते हात हालवू?" हे ऐकून कुणालाही पटावं. मलाही इतकी वर्षं पटलं होतं.

इतकं जपूनही जीभ पोळायचीच. कुणीतरी पाठीवर थाप मारायचा, कुठेतरी बस सुटायची घाई असायची. मग साडभाऊंचं सुतक सुरू. सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी आणि तुपाची चपटी डबी कायम असते, ती बाहेर निघते. तोंड उघडं ठेवून ते आत हवा घेत बसतात, तहानलेल्या कोंबडीसारखे. आणि किती पोळलं ते पाहायला त्यांना आरसा लागतो. एकदा मानोऱ्याच्या बसस्थानकावर आम्ही उभे होतो, आणि गाडी लागली म्हणून त्यांनी हॉटेलातला चहा घाईने तोंडाला लावला होता. गाडी भलतीच निघाली. साडभाऊ तसेच एका उभ्या स्कूटीच्या आरशापुढे वाकले आणि त्यांनी जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. ती स्कूटी होती एका शाळेतल्या मॅडमची, आणि मॅडम त्याच वेळी समोरून येत होत्या.

"काय हो, या वयात लाज नाही वाटत?" मॅडम ओरडल्या.

साडभाऊंनी जीभ आत घेतली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "दीब पोयदी, म्यादम."

चार माणसं गोळा झाली. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुमच्यासोबत आहेत का?" मी भिंतीवरचं एसटीचं वेळापत्रक इतकं मन लावून वाचत होतो की मला तो प्रश्न ऐकूच आला नाही.

तर अशा या गृहस्थांच्या मुलीला गेल्या दिवाळीनंतर स्थळ आलं. मुलगी त्यांची एकुलती एक. शेतकी पदविका केलेली, बापाच्या शेतात स्वतः उभी राहून ठिबकच्या नळ्या पसरवून घेणारी, बोलायला मोजकी. स्थळ केनवडचं. मुलाचं तिथे ठिबकच्याच सामानाचं दुकान, घरची शेती, वडील नाहीत, आई आहे, आणि कारभार चुलत्यांकडे. मध्यस्थाने फोटो दाखवला तेव्हा भाचीने एकच विचारलं, "दुकान सोता चालवते का नोकरावर हाय?" स्वतः चालवतो म्हटल्यावर म्हणाली, "मंग येऊ द्या." ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, मला आणि बायकोला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी यायच्या बाजूले बसजा. यायले गिलास मागू देऊ नका. एवढा एक दिवस."

मी दिवसभर पहारा केला. पाहुणे आले, मुलगा, त्याची आई, चुलते आणि मध्यस्थ. सतरंज्यांवर बसले, पाऊसपाणी झालं, तुरीचं झालं. साडभाऊ इतके शहाण्यासारखे वागत होते की मला संशय यायला हवा होता. मध्येच ते "आलोच" म्हणून आत गेले आणि हात पुसत परत आले. थोड्या वेळाने चहा आला. चुलत्यांनी घोट घेतला, कपाकडे पाहिलं, पुन्हा घोट घेतला.

"पाव्हने," ते म्हणाले, "चहा सकायीच करून ठेवला होता काय?"

चहा कोमट होता. कोमट म्हणजे आंघोळीला चालला असता इतकाच. ताईंची पाठ वळली तसं साडभाऊंनी उकळलेलं पातेलं परातीतल्या गार पाण्यात नेऊन ठेवलं होतं. पाहुण्यांच्या जिभेची काळजी, दुसरं काही नाही. पण आमच्याकडे पाहुण्याला थंड चहा देणं म्हणजे त्याला तुम्ही नाही आलात तरी चाललं असतं असं सांगणं. ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कप परत नेले, आणि स्टोव्हचा भडका उडाल्याचा आवाज बाहेर आम्हांला ऐकू आला. या वेळी चहा घेऊन आली ती भाची. कपाकपातून वाफा निघत होत्या, सगळ्या सरळ.

मुलाने कप उचलला. नजर कपाकडे नव्हती, ती जिथे असायला हवी तिथेच होती. भाचीनेही त्या क्षणी वर पाहिलं. पोराने तसाच कप ओठांकडे नेला, न फुंकता, न बघता. आणि माझ्या शेजारून साडभाऊंचा तो हर्राशीचा आवाज फुटला.

"ए! थांब! तोंडाले लावू नको!"

मुलगा जागेवरून उडाला. कप उडाला. चहा चुलत्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर. चुलते उभे राहून मांडी झटकत नाचायला लागले. मुलाच्या आईंनी पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या किंचाळल्या, "पेला काय रे? पेला काय तू?"

"काय होतं चहात?" चुलते गरजले. "काय पडलं होतं?"

"काई नाई," साडभाऊ म्हणाले. ते घामाघूम झाले होते. "गरम होता."

"गरम होता?"

"लय गरम होता."

"मंग चहा काय असते? बरफ?" चुलत्यांनी चपला पायात सरकवल्या. "आधी थंडा देला, मंग अंगावर सांडवला. पोट्टी देऊन राह्यले का हाकलून राह्यले आमाले?"

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. गाडी निघून गेली. अंगणात धूळ खाली बसली. मग भाची आली, तिने सांडलेला चहा पुसला, कपाचे तुकडे वेचले आणि आत गेली. बापाला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. बाजारात कुणीतरी विचारलं, "का हो, तुमच्या चहात म्हने पाल निघाली?" आठवड्याच्या आत ती पाल सगळीकडे पोचली. दुसरं एक स्थळ येणार होतं, ते यायचं राहिलं. साडभाऊ हर्राशीला उभे राहत, पण आवाज शेडच्या बाहेर जाईना. दुपट्टा तोंडापर्यंत ओढून घेत आणि काम झालं की मागच्या फाटकाने निघून जात. चहा तर सोडलाच. ताई फोनवर माझ्या बायकोला म्हणाल्या, "तोंडापुढं कप ठेवला का भिंतीकडं तोंड करून बसतेत."

एके दिवशी सकाळीच ते वाशीमला माझ्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, पायात नवी चप्पल.

"साडभाऊ, केनवडले चालता काय?"

"कशाला?"

"माफी मागाले."

मी त्यांना मोटारसायकलवर मागे घेतलं. सबंध रस्ताभर ते माझ्या कानाशी माफीची तालीम करत होते. कधी 'मोठ्या मनानं माफ करा', कधी 'पोट्टीचा काई दोष नाई'. मी सांगितलं, एवढंच बोला आणि उठा, आणि देवाच्यान चहा आला तर त्याला दोन घोट घेऊन ठेवून द्या, ग्लास मागू नका. ते म्हणाले, "नाई मागत." आवाज असा होता की मलाच माझी शरम वाटली.

केनवडला ओसरीवर चुलते बसले होते. या म्हणाले, बसा म्हणाले, त्यापुढे काही नाही. मुलगा दुकानातून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. साडभाऊ घसा साफ करून सुरू करणार, तेवढ्यात आतून मुलाच्या आई चहा घेऊन आल्या. आलेल्या माणसाला काम विचारायचं ते चहा दिल्यावर, अशी रीत. स्टीलचे ग्लास होते, चुलीवरून उतरून थेट आलेले. माझा मी रुमालाने धरला तरी बोटं भाजली.

चुलते साडभाऊंकडे पाहून म्हणाले, "पाहा बरं पाव्हने. गरम हाय."

साडभाऊंनी ग्लासाकडे पाहिलं. वाफेकडे पाहिलं नाही. दुपट्ट्याच्या टोकाने त्यांनी तो उचलला आणि तोंडाला लावला. मी "अहो" म्हणेपर्यंत पहिला घोट गेला होता. फुंकर नाही, भुरका नाही, काही नाही. दुसरा घोट गेला, तिसरा गेला. मानेच्या शिरा वर आल्या, कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्यांनी ग्लास रिकामा केला आणि हळूच, आवाज न करता, खाली ठेवला. मग उभे राहिले, हात जोडले, आणि रस्ताभर घोटलेली ती माफी बाहेर आली ती अशी:

"आमत्या घली तुमता अपमान दाला..."

चुलत्यांच्या कपाळावर आठी चढली. त्यांना वाटलं, हा माणूस घरी येऊन थट्टा करतो आहे. मीच उठलो. "ते म्हणताहेत, आमच्या घरी तुमचा अपमान झाला, त्याची माफी मागायला आलो आहे." साडभाऊंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे बोलायला लागले. मी त्यांच्या शेजारी उभा राहून एकेक वाक्य मोठ्याने सांगत गेलो. आणि सांगता सांगता मला कळलं की हे बोलणं रस्त्यातल्या तालमीत नव्हतं.

ते सांगत होते की तेही असेच एकदा मुलगी पाहायला गेले होते, इंझोरीला, म्हणजे आमच्याच सासरी. मुलगी चहा घेऊन आली, आणि ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि तसाच चहा तोंडात ओतला. सगळी जीभ सोलून निघाली. मग मुलीच्या वडिलांनी नाव विचारलं आणि यांना स्वतःचं नाव घेता आलं नाही. आतल्या खोलीत बायका हसल्या, बोबडा आहे म्हणाल्या, ते यांनी ऐकलं. त्यानंतरही होकार आला. का आला ते यांनी कधी विचारलं नाही. दया आली असेल असं धरून चालले. "तुमत्या पोलानं तसाच कप उतलला," ते म्हणाले, आणि मी सांगितलं, "तुमच्या पोरानं तसाच कप उचलला, आणि मला राहवलं नाही."

हर्राशीचं, आवाजाचं, कमाईचं कारण तिथेच गळून पडलं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून लाजेने मरत होतो. ते कशाने मरत होते, हे मला परक्याच्या ओसरीवर, त्यांचंच बोलणं त्यांच्यासाठी बोलताना कळलं.

पहिल्यांदा हलल्या त्या मुलाच्या आई. "भावजी, बसून काय राह्यले?" त्या चुलत्यांवर कडाडल्या. "मानसाची जीब पोयली, दिसत नाई काय तुमाले?" मुलगा तोवर माठातलं पाणी घेऊन आला होता. त्या दही आणायला धावल्या आणि धावता धावता, चहा थेट चुलीवरून आणला म्हणून स्वतःलाच बोल लावत राहिल्या. साडभाऊ तोंडात पाणी धरून, गाल फुगवून बसले. चुलते बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघा ओढत होते. मग म्हणाले, "थे पालीचं... थे माह्याच तोंडून गेलं बाजारात. रागात होतो मी." त्या ओसरीवर तेव्हा प्रत्येक जण कशाने ना कशाने ओशाळलेला होता. एकटा मुलगा काय तो मोकळा. तो साडभाऊंच्या पुढ्यात बसून म्हणाला, "काका, मी फुंकून पेत जाईन. तुमी तेवढा आवाज नका देऊ, मी लय भेलो होतो."

निघताना चुलत्यांनी माझ्या हातात हात दिला आणि म्हणाले, "पोट्टीले विचारा. तिचा रुसवा नसन तं आमी पुन्हा येतो."

वाशीमला त्यांना एसटीत बसवायचं ठरलं होतं, पण माझा हात वळला नाही. तसंच पुढे निघालो. साडभाऊ मागे बसले होते. जाताना ती तालीम ऐकून कान किटले होते, आणि परतताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, माणूस आहे की पडला म्हणून.

दिवस कलता कलता घरी पोचलो. ताई आणि भाची ओट्यावरच होत्या. साडभाऊंना काही सांगता येईना, म्हणून सगळं मीच सांगितलं. चहाचं, माफीचं, आणि इंझोरीचंही. ते सांगताना साडभाऊ मला हाताने थांबवत होते, पण मी थांबलो नाही. ताईंनी ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे न पाहता, सुपातले दाणे निवडत म्हणाल्या, "दया कायची? म्या तवाच सकायी ती ओसरी सारवली होती. एवढं तोंड पोयलं, डोयात पानी आलं, तरी या मानसानं माह्या सारवनावर थुकलं नाई, गिळून घेतलं. थुकला असता तं म्या नाईच म्हटलं असतं."

साडभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण त्यातून नुसती हवा आली.

भाची आत गेली आणि वाटीत दुधावरची साय घेऊन आली. बापाच्या समोर उकिडवी बसली. केनवडचे पुन्हा येतो म्हणाले, हे तिने ऐकलं होतं. "आ करा," म्हणाली. साडभाऊ संकोचले, माझ्याकडे पाहून त्यांनी मान फिरवली. "मावसाजी काई परके नाईत. आ करा. अजून मोठा." ज्याच्या आवाजाने बाजार जागेवर उभा राहतो तो माणूस डोळे मिटून, तोंड वासून ओट्यावर बसला, आणि तिने चमच्याने अलगद साय त्याच्या जिभेवर ठेवली. ते काहीतरी पुटपुटायला लागले.

"उद्या सांगजा बाबा," ती म्हणाली. "आज चूप बसा. गिळू नका, राहू द्या तशीच."

लग्न होऊन तिला केनवडला जायला अजून उन्हाळ्यापर्यंत अवकाश होता. तरी त्या संध्याकाळी साडभाऊ, ताई आणि मी, आम्ही तिघंही, एकमेकांकडे नीट न पाहता, ती साय विरघळायची वाट बघत बसून राहिलो.